आरटीईची मोफत जागा : सोडत सरळ, पण चाळणीचं काय?

मुरुड (ता. लातूर) : जानेवारी लागला की झेरॉक्सच्या दुकानात आणि आपले सरकार केंद्रात गर्दी सुरू होते. कोणी जन्माचा दाखला शोधतंय, कोणी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याच्या मागं फिरतंय, कोणाच्या मोबाईलवर ओटीपीच येईना. कारण एकच, आरटीईचा फॉर्म. इंग्रजी शाळेत लेकराला मोफत जागा मिळावी ही आशा. पुढं सोडत निघते आणि मग आठ-पंधरा दिवस पारावर तोच विषय. "त्याच्या दारात चारचाकी, तरी त्याच्या पोराचा नंबर लागला. आपण रोजानं जातो, आपला कसा नाही लागला?"

या प्रश्नाला 'वशिला' असं उत्तर देऊन लोक मोकळे होतात. पण सोडतीत वशिल्याला फारशी जागा नाही. राज्यभरातल्या अर्जांची सोडत एकाच वेळी ऑनलाइन निघते. संस्थाचालकाला किंवा मुख्याध्यापकाला त्यात आपलं नाव घुसवता येत नाही. गडबड आहे ती सोडतीच्या आधी, म्हणजे अर्जात कोण बसतं आणि कोण बाहेर राहतं तिथं. आणि दुसरी सोडतीच्या नंतर, नंबर लागलेल्या लेकराला त्या शाळेत टिकायला काय पडतं तिथं. दोन्ही गोष्टी नीट समजून घेतल्या तर चारचाकीवाल्याचं कोडंही सुटतं.

कायदा काय म्हणतो

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार कायदा 2009 चा. 1 एप्रिल 2010 पासून तो लागू झाला. त्यातल्या कलम 12 (1) (क) नुसार खाजगी विनाअनुदानित शाळेनं पहिलीच्या किंवा नर्सरीच्या, म्हणजे जिथून शाळा सुरू होते त्या वर्गाच्या, किमान 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकातल्या मुलांना द्यायच्या आहेत. आठवीपर्यंत शिक्षण मोफत. त्या मुलाचे पैसे सरकार शाळेला देणार. संस्थाचालक याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले होते, पण 12 एप्रिल 2012 च्या निकालात कोर्टानं ही 25 टक्क्यांची तरतूद कायम ठेवली.

इथं बऱ्याच जणांचा एक गोंधळ होतो. 'खाजगी शाळा' म्हटलं की सगळ्या एकाच माळेच्या वाटतात. तसं नाही. ज्या संस्थेच्या शाळेत मास्तरांचा पगार सरकार देतं ती अनुदानित. बोर्डावर संस्थेचं नाव असलं तरी खर्च बराचसा सरकारचा. ज्या शाळा पालकांच्या फीवर चालतात त्या विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित. आरटीईच्या मोफत जागा या दुसऱ्या प्रकारच्या शाळांत असतात. त्यातही अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना 2014 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं सूट आहे. त्या निकालाचा फेरविचार व्हावा असं सप्टेंबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाच्याच दोन न्यायमूर्तींनी म्हटलं आणि प्रकरण सरन्यायाधीशांकडं पाठवलं. त्यामुळं एखादी शाळा यादीत का दिसत नाही याचं कारण कधी कधी हे असतं, शाळेची लबाडी नसते.

2025-26 च्या प्रवेशाला राज्यात जवळपास नऊ हजार शाळा होत्या, जागा सुमारे एक लाख नऊ हजार आणि अर्ज तीन लाखांच्या वर. म्हणजे तीन लेकरांमागं एक जागा. दोघांना 'नाही' म्हणावंच लागणार. म्हणून तर चाळणी कशी आहे हे महत्त्वाचं.

एक वर्ष सगळंच बंद होणार होतं

2024 साली जे झालं ते गावाकडं अर्धवटच कळलं, म्हणून थोडं सविस्तर. 9 फेब्रुवारी 2024 रोजी राज्य सरकारनं नियम बदलला. ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला 25 टक्के जागा द्यायची गरज नाही, असं ठरवलं. आता विचार करा, आपल्याकडं अशी कोणती इंग्रजी शाळा आहे जिच्या एक किलोमीटरच्या आत जिल्हा परिषदेची शाळा नाही? मुरुडसारख्या मोठ्या गावात तर प्रश्नच नाही. नियमाचा अर्थ सरळ होता : खाजगी शाळा जवळजवळ सगळ्या बाहेर.

त्याप्रमाणं त्या वर्षी अर्ज सुरू झाले. यादीत सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळा घातल्या. शाळांची संख्या 75 हजारांच्या पुढं गेली, जागा साडेआठ लाखांच्या वर. आणि अर्ज आले किती? सत्तर हजारांच्या आसपास. जिल्हा परिषदेच्या शाळेत जायला ऑनलाइन फॉर्म कशाला भरायचा, तिथं तर तसंही मोफतच आहे, हे लोकांना कळत होतं.

पालक आणि संघटना हायकोर्टात गेल्या. 6 मे 2024 रोजी मुंबई हायकोर्टानं स्थगिती दिली. खाजगी शाळा यादीत परत आल्या, नव्यानं अर्ज मागवले आणि काही दिवसांत दोन लाख चाळीस हजारांच्या वर अर्ज आले. 19 जुलै 2024 ला हायकोर्टानं तो नियमच रद्द केला. मूळ कायद्यानं दिलेला हक्क राज्याला नियम करून काढून घेता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. मधल्या काळात शाळांनी त्या जागांवर फी भरणारी मुलं घेतली होती. त्यांना काढू नका, पण 25 टक्के जागा भरा, लागल्या तर वाढवा, असंही कोर्टानं सांगितलं. शाळांची बाजू घेऊन गेलेलं अपील सुप्रीम कोर्टानं 9 ऑगस्ट 2024 ला फेटाळलं.

आपल्या शेजारी मात्र वेगळं चित्र आहे. उदगीर, देवणीच्या पलीकडं बिदर जिल्हा लागतो. कर्नाटकानं असाच जवळच्या सरकारी शाळेचा नियम 2018-19 मध्ये आणला आणि तिथल्या हायकोर्टानं मे 2019 मध्ये तो मान्य केला. कायदा एकच, पण सीमेच्या अलीकडं एक आणि पलीकडं दुसरं. सोयरीक दोन्हीकडं असलेल्या घरांना हे चांगलं ठाऊक आहे.

एक लाखाचा दाखला

आता चाळणीकडं. अर्जदार दोन गटांत मोडतात. एक वंचित गट : अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागास वर्ग, विशेष मागास प्रवर्ग, दिव्यांग बालक, अनाथ बालक, एचआयव्हीबाधित. यांना उत्पन्नाची अट नाही. दुसरा दुर्बल गट : यात खुल्या प्रवर्गातले लोक येतात आणि त्यांचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्याचा तहसीलदाराचा दाखला लागतो.

एक लाख म्हणजे किती? महिन्याला 8,333 रुपये, दिवसाला 274. 2025-26 मध्ये रोजगार हमीची सरकारी मजुरी दिवसाला 312 रुपये होती. नवरा-बायको दोघंही या दरानं वर्षात 160-160 दिवस कामाला गेले तर 99,840 रुपये होतात. एकशे एकसष्टाव्या दिवशी दोघं कामावर गेले की लाख ओलांडला. म्हणजे वर्षातले निम्मे दिवसही काम न मिळालेलं जोडपं 'गरीब', आणि रोज कष्ट करणारं हमालाचं घर, सालगड्याचं घर, टेलरचं घर कागदावर 'गरीब नाही'. सरकारच्या स्वतःच्या मजुरीचा हिशेब सरकारच्याच अटीत बसत नाही.

ही अट दहा-बारा वर्षांपूर्वीची. तेव्हाचा खताच्या पोत्याचा भाव आणि आजचा भाव शेतकऱ्याला तोंडपाठ आहे, दाखल्यावरचा आकडा मात्र जागचा हलला नाही. आणि हेच सरकार दुसरीकडं काय करतं बघा. दहा टक्के ईडब्ल्यूएस आरक्षणाला उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. नॉन क्रिमिलेयरला आठ लाख. इंजिनिअरिंग, फार्मसीच्या मुलींची फी 2024-25 पासून माफ झाली, तिथंही मर्यादा आठ लाख. एकाच सेतू केंद्रातून हे सगळे दाखले निघतात. कॉलेजच्या पोरीचा बाप आठ लाखांपर्यंत गरजू आणि पहिलीतल्या लेकराचा बाप लाखाच्या वर गेला की सधन. या फरकाचं सरळ कारण कोणी सांगत नाही.

जुन्या लोकांना ईबीसीचा फॉर्म आठवत असेल. यशवंतराव चव्हाणांच्या काळात सुरू झालेली ती सवलत. वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांची फी माफ, जात न बघता. मराठवाड्यातले किती तरी मास्तर, वकील, साहेब त्या एका फॉर्मवर शिकले. तेव्हाही दाखला लागायचाच. पण तो दाखला गावातल्या बहुतेक घरांना मिळण्यासारखा होता.

मर्यादा इतकी खाली ठेवली की दोन गोष्टी होतात. खरं बोलणारा बाहेर राहतो, आणि ज्याला दाखला 'काढता' येतो तो आत जातो. नोकरदाराचा पगार स्लिपवर दिसतो, त्याला लपवता येत नाही. दुकानाचा गल्ला, ठेकेदारीचा पैसा, दुधाचा हिशेब कुठं लिहिलेला असतो? शेतकऱ्याचं तर उलटंच. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत ज्याचं सोयाबीन पाण्यात गेलं, त्याच्या उत्पन्नाचा अंदाज सातबाऱ्यावरच्या क्षेत्रावरून धरला की तो कागदावर बरा दिसतो. चारचाकीवाल्याचं कोडं इथं बऱ्यापैकी सुटतं. त्याचा नंबर सोडतीत लबाडीनं लागला नसतो. तो सोडतीपर्यंत पोचला कसा, हा प्रश्न असतो.

पण एक लक्षात ठेवा, खोटा कागद लावणं आता महागात पडतं. नागपुरात 2024 मध्ये आरटीईसाठी खोटी कागदपत्रं दिल्यावरून पालकांवर पोलिसात गुन्हे दाखल झाले. लेकराचा प्रवेश गेला आणि बाप कोर्टाच्या पायऱ्या चढतोय, अशी वेळ येऊ शकते.

वंचित गटाला उत्पन्नाची अट नाही यावर गावात कुजबुज चालते. त्यावरही सरळ बोलायला हवं. जातीमुळं वर्गात मागं बसवलं गेलेल्या, नाव सांगताच तोंडं वाकडी झालेल्या घराला पैसा आला म्हणून तो अनुभव पुसला जात नाही. कायद्यानं जात धरली त्याला हे कारण आहे आणि ते खरं आहे. पण त्याच गटात एका बाजूला दोघंही पगारदार असलेलं घर आहे आणि दुसऱ्या बाजूला पालावर राहणारं भटक्या जमातीचं घर आहे. सोडतीच्या डब्यात दोघांची चिठ्ठी सारखीच. आणि फॉर्म वेळेत, बिनचूक कोण भरणार हे सांगायला नको. जात सोडा असं म्हणायचं नाही. गटाच्या आत सगळ्यात आधी सगळ्यात गरजूला घ्या, एवढं तरी करता येईल. अंतराला जसा अग्रक्रम आहे तसा गरजेलाही ठेवता येईल.

नकाशावरची टाचणी आणि उसाचा फड

अंतराचंही तसंच. फॉर्म भरताना घराची जागा गुगलच्या नकाशावर दाखवावी लागते. 2025-26 च्या प्रवेशात शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी होती, मग एक ते तीन किलोमीटर, त्यानंतर तीनच्या पुढचे. शहरात हे ठीक. पण आपल्याकडं इंग्रजी शाळा असते मुरुडला, आणि लेकरू असतं करकट्ट्याला, तांदुळजाला, बोरगाव काळेला किंवा त्याच्याही पुढं वस्तीवर. चांगल्या शाळेच्या एक किलोमीटरच्या आत जागा घेऊन घर बांधणारा कोण असतो? ज्याच्याकडं पैसा आहे तो. म्हणजे लांबच्या गावातला मजूर तिसऱ्या रांगेत आणि शाळेजवळचा प्लॉटवाला पहिल्या. शेजारच्या शाळेत जावं हा कायद्याचा हेतू चांगलाच आहे, पण गावाकडं शेजारी तशी शाळाच नसते.

नकाशावर टाचणी चुकीची रोवली तर मिळालेला प्रवेशही पडताळणीत रद्द होतो. केंद्रावाल्यानं घाईत टाचणी दुकानावरच ठेवली, असं होऊ देऊ नका. स्वतः बघा.

सगळ्यात वाईट अवस्था ऊसतोड घरांची. 2025-26 चे अर्ज जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत भरले गेले, सोडत फेब्रुवारीत निघाली. त्या वेळी बीड, लातूर, धाराशिवकडची टोळी कुठं असते? पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात फडावर. कागदं गावात पत्र्याच्या पेटीत, मोबाईल कोपीत, त्याला चार्जिंग नाही. सोडतीचा मेसेज आला तरी कागदं घेऊन ठरलेल्या मुदतीत यायचं कसं? उचल घेतलेली असते, मुकादम सोडत नाही. ज्यांच्यासाठी कायदा केला त्यातलं सगळ्यात गरजू लेकरू नियमानं कुठंच अडवलेलं नाही, पण तारखेनं अडवलेलं आहे. अर्जाची एक खिडकी फडावरून परत आल्यावर, मे महिन्यात उघडी ठेवली तर काय बिघडेल?

नंबर लागल्यावर

कायद्याच्या कलम 3 प्रमाणं शिक्षण पूर्ण करायला आड येईल अशी कोणतीही फी किंवा खर्च मुलावर लादता येत नाही. कागदावर गोष्ट इथंच संपते. प्रत्यक्षात शिकवणी फी सोडली की बाकीचं सुरू होतं : पुस्तकांचा संच, दोन प्रकारचे गणवेश, बूट, डायरी, गॅदरिंग, सहल, 'डिजिटल क्लास'. गाडीचं भाडं तर पालकाच्याच खिशातून. मोफत म्हणून घेतलेली जागा वर्षाला काही हजारांना पडते, आणि ते हजार नसले की लेकरू एक-दोन वर्षांत परत जिल्हा परिषदेच्या शाळेत येतं. तसं परत आलं की पुन्हा आरटीईतून अर्ज करता येत नाही, कारण एकदा या कोट्यातून प्रवेश घेतला की दुसऱ्यांदा संधी नाही.

इथं शाळेची बाजूही ऐकायला हवी. सरकार एका मुलामागं शाळेला वर्षाला जास्तीत जास्त 17,670 रुपये देतं. शाळेची फी त्यापेक्षा कमी असेल तर तेवढीच. कोरोनाच्या काळात ही रक्कम 8,000 वर आणली होती. आणि तीही वेळेवर येत नाही. राज्यातली थकबाकी दोन हजार कोटींच्या वर गेल्याचा संस्थाचालकांच्या संघटनांचा दावा आहे. मोठ्या शहरातली मोठी शाळा हे झेपवते. गावाकडं भाड्याच्या इमारतीत चालणाऱ्या, पंधरा-वीस हजार फी असलेल्या शाळेत चौथाई वर्गाचे पैसे तीन-तीन वर्षं आले नाहीत, तर मास्तरांचा पगार कशातून करायचा? मग ती शाळा दोनच रस्ते धरते. आरटीईच्या पालकाकडून या ना त्या नावानं पैसे घेते, नाही तर बाकीच्यांची फी वाढवते.

बाकीचे म्हणजे कोण? तेही आपल्यातलेच. समजा फी 25,000 आहे आणि सोयाबीन 4,200 नं विकलं. म्हणजे एका लेकराच्या फीला सहा क्विंटल. साधारण एक एकराचं पीक. दोन लेकरं असली तर दोन एकर. हा शेतकरी लाखाच्या अटीत बसला नाही म्हणून पूर्ण फी भरतो, आणि सरकारनं न दिलेल्या पैशाचा भारही वाढीव फीतून त्याच्यावरच येतो. नंबर लागलेल्या शेजाऱ्याकडं तो रागानं बघतो. राग चुकीच्या दारावर जातो. शेजाऱ्याच्या लेकराचे पैसे सरकारनं द्यायचे आहेत, त्यानं नाही. फीवाढीबद्दल मात्र त्याला विचारता येतं. राज्याच्या 2011 च्या शुल्क कायद्यानुसार फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढं ठेवावी लागते. आपल्या शाळेत ही समिती कागदावर आहे की खरंच बसते, एवढं जरी पालकांनी विचारलं तरी फरक पडतो.

कायद्यात नसलेली आणखी एक सवलत गावागावात चालते, ती संस्थाचालकाच्या मर्जीची. दोन भावंडं असली तर एकाची अर्धी फी, बाप वारला असेल तर माफ, गावचा पुढारी फोन करील तर काही टक्के कमी. यात चांगुलपणा आहे, नाही असं नाही. बाप गेलेल्या पोरीला कित्येक संस्थाचालकांनी एक रुपया न घेता शिकवलंय. पण मागायला जाण्याची ज्याला लाज वाटते, किंवा ज्याच्यासाठी फोन करणारं कोणी नाही, त्याला ती मिळत नाही. लातुरात क्लासवाल्यांच्या 'स्कॉलरशिप टेस्ट' असतात, पहिल्या नंबरवाल्यांना फी माफ. ती हुशारीची सवलत आहे, गरजेची नाही. ज्याला आधीच चांगली शाळा मिळाली त्यालाच पुढची सवलत मिळते.

अमेरिकेतल्या खाजगी शाळा फीत सवलत देताना घरच्यांकडून उत्पन्न, कर, घर, कर्ज असा सगळा तपशील मागतात आणि कुटुंबाला किती झेपेल याचा हिशेब काढतात. लाखाच्या आत सगळं आणि लाखाच्या वर काहीच नाही, असा एकच उंबरठा तिथं नसतो. कोणाला पूर्ण माफी, कोणाला निम्मी, कोणाला पाव. तिथंही तक्रार तीच : पगारदाराचं सगळं दिसतं, धंदेवाल्याचं दिसत नाही. पण पायरी-पायरीनं सवलत ही गोष्ट आपल्याकडं घेण्यासारखी आहे. दीड-दोन लाख उत्पन्नाच्या घराला निम्मी फी सरकारनं भरली तरी एक एकराचं पीक वाचतं.

नववीचा खड्डा

ज्याबद्दल फॉर्म भरताना कोणी बोलत नाही ती गोष्ट म्हणजे मोफत शिक्षण आठवीपर्यंतच आहे. 2017 च्या जूनमध्ये पहिलीत गेलेलं लेकरू 2025 च्या जूनमध्ये नववीत गेलं. आठ वर्षं इंग्रजीतून शिकलं, आणि नववीला शाळेनं पूर्ण फीची पावती हातात दिली. दहावी दोन वर्षांवर आहे, माध्यम बदलायचं तर गणित-विज्ञान पुन्हा मराठीतून. अशा वेळी बाप कर्ज काढतो, नाही तर शाळा बदलतो. मुलगी असेल तर शाळाच सुटण्याची भीती. यात शाळेनं कायदा मोडला असं म्हणता येत नाही, कारण कायदाच चौदा वर्षं वयापर्यंतचा आहे. म्हणून ज्यांची लेकरं आज सहावी-सातवीत आहेत त्यांनी आत्ताच मुख्याध्यापकांना भेटून नववी-दहावीची फी किती, हप्ते पाडता येतील का, संस्थेची काही सवलत आहे का, हे विचारून घ्यावं. जमलं तर लेखी.

आणि एक अवांतर. नंबर लागला नाही म्हणून लेकराचं नुकसानच झालं असं धरू नये. ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर टिकून आहेत आणि पालक लक्ष घालतात तिथं वाचन-गणित पक्कं होतं. निव्वळ टाय-बूट बघून महागडी शाळा धरायची आणि घरी कोणालाच अभ्यास घेता येत नाही, अशानं लेकरू दोन्हीकडचं राहत नाही.

फॉर्म भरणाऱ्यांसाठी

जन्माचा दाखला, रहिवासाचा पुरावा आणि आपल्या गटाप्रमाणं जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला अर्ज सुरू होण्याआधीच काढून ठेवा. दाखला निघायला दिवस लागतात आणि अर्जाची मुदत तेवढी नसते. भाड्यानं राहत असाल तर नोंदणी केलेला भाडेकरार लागतो. दहापर्यंत शाळा निवडता येतात, पण जिथं लेकराला रोज पोचवता येईल अशाच निवडा. मेसेजची वाट बघत बसू नका, अर्जाचा नंबर टाकून पोर्टलवर स्वतः स्थिती बघा. नियमात दरवर्षी काही ना काही बदल होतो, त्यामुळं मागच्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर न जाता त्या वर्षीची सूचना वाचा.

प्रवेशाला मुलाची किंवा पालकाची परीक्षा, मुलाखत घेता येत नाही. घेतली तर पहिल्या वेळी 25 हजारांपर्यंत दंड आहे. देणगी घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. शाळेनं पैसे मागितले तर पावती मागा. पावती देत नसतील तर तारीख, रक्कम आणि कशासाठी मागितले ते लिहून ठेवा. तक्रार लेखी करा : आधी पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं, मग जिल्हा परिषदेत प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडं, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. कलम 32 प्रमाणं अशा तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडं अपील करता येतं, त्याला वकील लावायलाच पाहिजे असं नाही. एकट्यानं जायला भीती वाटत असेल तर त्याच वर्गातले आरटीईचे चार-पाच पालक मिळून एकच अर्ज द्या.